पराग आणि प्रकाश

या व्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने परागकणांचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. आपल्या काव्यपरंपरेत पराग म्हणजे वसंताचे सुगंधी चूर्ण. धारच्या भोजराजाने आपल्या ग्रंथाला ‘शृंगारप्रकाश’ हे नाव दिले, त्या प्रकाशात पराग असाच दिसतो. देवासच्या आमच्या घरी मात्र फाल्गुन लागला की आई शिंकांनी बेजार होई. रात्री दम लागून उशीला टेकून बसे. खळ्यावरची धूळ, उन्हाची बाधा, कोणाची तरी दृष्ट, सर्वांवर खापर फुटले. अंगणाबाहेरच्या वावळाकडे कोणी पाहिले नाही. आपल्याकडे ‘वावडे’ हा नेमका शब्द आहे, पण ते अन्नाचे असते. हवेचेही असू शकते हे आम्हांला सुचले नाही. वावळाचे पराग पुष्कळांना बाधतात, हे आई गेल्यावर मी वाचले. तरी दोष त्या झाडाचाच होता, असे आजही म्हणवत नाही.

असा आरोपी शोधण्याची पहिली मोठी खटपट मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी केली. विकार त्यांना स्वतःलाच होता. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या त्यांनी हवेत ठेवल्या, पतंगांबरोबर उंच चढवल्या आणि त्यांवरचे पराग सूक्ष्मदर्शकातून मोजले. १८७३ साली त्यांचे पुस्तक निघाले. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या आम्हां माळवेकरांना त्या पतंगांचे विशेष कौतुक वाटावे!

पण नुसता आकार पाहणाऱ्या डोळ्याला मर्यादा आहे. बहुतेक गवतांचे पराग गोल, गुळगुळीत, एकाच छिद्राचे, सख्ख्या भावंडांसारखे. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेल्या गाजरगवताचा परागही सूर्यफुलाच्या गोतावळ्यातलाच, काटेरी.

येथे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात लागलेला रामन यांचा शोध कामी येतो. रेणूंवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग बदलतो. किती बदलतो, ते रेणूतील बंधांच्या कंपनांवर ठरते. १९६० मध्ये लेसर आला आणि पुढे एकेका कणावर किरण रोखून त्यातील प्रथिने, स्निग्ध द्रव्ये, पिवळी रंगद्रव्ये ओळखणे शक्य झाले. अडचण अशी की, पराग कधी स्वतःच चमकू लागतो आणि त्या चमकेत या खुणा बुडून जातात. शिवाय मिळालेला वर्णपट ताडून पाहण्यास ज्ञात झाडांच्या परागांचा संग्रह हवा. जागा आणि हंगाम यांप्रमाणे परागाची घडणही थोडी बदलते. म्हणून धार-देवासच्या हवेसाठी इथलेच नमुने लागतील. त्यासाठी फाल्गुनात वावळाखाली आणि पावसाळ्यात गाजरगवतात, कागदी पुडी घेऊन, झाडे ओळखणाऱ्या कोणीतरी आधी जावे लागेल.