कुर्ल्याची फियाट आणि तिच्या वेगाची सीमा

मोटारींच्या इतिहासात विक्रमी वेगाची नोंद अगत्याने केली जाते. परंतु वेगासाठी जिला कोणी कधी नावाजले नाही, आणि तरीही हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांना जिने वेगाचा पहिला प्रत्यय दिला, त्या साध्या मोटारीची हकिकत बहुधा अलिखितच राहते. मुंबईच्या उपनगरांपुरते बोलावयाचे तर ही मोटार म्हणजे कुर्ल्यास तयार होणारी फियाट होय. अल्प शक्तीचे यंत्र त्याच्या सामर्थ्याच्या परमावधीला नेऊन चालविणे ही एक स्वतंत्र विद्या होती, आणि ती विद्या जन्मास घालण्यात कारखाना, रस्ता, सरकारी धोरण आणि मिस्त्रीचा हात या चारही गोष्टींचा वाटा होता, हे या इतिहासावरून स्पष्ट दिसते.

या उद्योगाचे बीज स्वातंत्र्यापूर्वीच पडले होते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबईत मोटारींचा कारखाना काढण्याची तजवीज मांडली, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती हाती घेतली, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी त्यांनी करार केला, आणि परकीय सरकारच्या उदासीनतेला तोंड देत १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली बाहेर पडलेल्या पहिल्या गाड्या अमेरिकन वळणाच्या, ऐसपैस आणि इंधनाला सढळ होत्या. नव्याने स्वतंत्र झालेल्या, परकीय चलनाची सदैव टंचाई असलेल्या देशातील नोकरदाराला अशी गाडी पोसणे शक्य नव्हते. म्हणून कंपनीने इटलीतील तुरिन नगरीच्या फियाटकडे दृष्टी वळविली, आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ५६९ घनसेंटिमीटर यंत्राची इवलीशी फियाट ५०० कुर्ल्यास जोडली जाऊ लागली. ताशी शंभर किलोमीटरची मजल या गाडीला कधीच गाठता आली नाही.

तिच्यामागून १९५४ साली आलेली फियाट ११०० हीच या हकिकतीची खरी नायिका. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे यंत्र, सुकाणूच्या दांड्यालगत बसविलेला गिअर, पुढे तिघांना सामावून घेणारी सलग बैठक, आणि आरंभीच्या गाड्यांत उलट्या दिशेने उघडणारे पुढचे दरवाजे, अशी तिची ठेवण होती. मुखभागाच्या गोल घडणीमुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, ते लळ्यापोटीच. सुमारे चाळीस अश्वशक्तीच्या या घराण्याचे रूप आणि नाव पुढे बदलत गेले. एलिगंट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, मग १९७२ साली प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. यंत्राचा गाभा मात्र जवळजवळ अर्धे शतक तोच राहिला.

ही गाडी जेथे जन्मली त्या कुर्ल्यावरूनच जुना आग्रा रोड जातो, ज्यास आज लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी गावे ओलांडीत हा रस्ता ठाण्यास पोहोचतो, आणि १९७३ साली वाशीचा खाडीपूल खुला होईपर्यंत पुण्याकडे निघालेल्या मोटारीला ठाण्यावरूनच पनवेलचा मार्ग धरावा लागे. अर्थात पुण्यास निघालेली बहुतेक प्रत्येक फियाट आपल्या जन्मस्थानाच्या जवळूनच पुढे जाई. विक्रोळीत गोदरेजचे कारखाने उभे राहिले. भांडुपला १९५८ च्या सुमारास सिएट ही टायर कंपनी आली, आणि तीही मूळची तुरिनचीच, त्यामुळे एका इटालियन नगरीतील यंत्रविद्येने साष्टी बेटावरच्या एकाच रस्त्यावर दोन ठिकाणी मूळ धरले. मुंबई पालिकेची हद्द १९५० साली अंधेरी-भांडुपच्या परिसरापर्यंत आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. परंतु हद्द वाढली म्हणून रस्ते रुंद झाले नाहीत. आग्रा रोड आणि पश्चिमेकडील घोडबंदर रोड हे बाजारपेठांतून आणि गावठाणांच्या कडेने जाणारे रस्ते असल्यामुळे तेथे फियाटला आपला कमाल वेग दाखविण्याचा प्रसंग क्वचितच येई. शीव ते ठाणे सुमारे २३ किलोमीटरचा पूर्व द्रुतगती महामार्ग आणि वांद्रे ते दहिसर सुमारे २५ किलोमीटरचा पश्चिम द्रुतगती महामार्ग झाल्यावर उपनगरवासीयांस प्रथमच अशी सलग वाट मिळाली, जिच्यावर चौथा गिअर टाकून तो तसाच ठेवता येई.

कागदोपत्री या गाडीचा कमाल वेग, प्रकारपरत्वे, ताशी ११५ ते १२५ किलोमीटर सांगितला जाई. या आकड्यापर्यंत पोहोचणे इतके कष्टाचे का, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर जाताना वेग केवळ सव्वापट होतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. चाळीस अश्वशक्तीच्या यंत्रापाशी शिल्लक म्हणून काही उरत नाही अशी ही अवस्था असते. समोरून आलेला वारा, खाडीपुलाचा किंचित चढ, टपावरच्या कॅरिअरवर लादलेले सामान, यांतील कोणतीही एक गोष्ट काटा खाली आणण्यास पुरेशी होते. बलाढ्य गाडीचा चालक पायाने वेग मागतो आणि तो तत्काळ मिळतो. फियाटच्या चालकाला मात्र वेग साठवावा लागे, चढाच्या आधी गती घ्यावी लागे, पुढच्या लॉरीला ओलांडावयाचे तर अर्धा फर्लांग आधीपासून मनसुबा रचावा लागे, आणि ड्रम ब्रेक तापून सैल पडतात हे ध्यानी घेऊन थांबण्याचा विचार वेग घेण्यापूर्वीच करावा लागे. म्हणून ज्यांनी या गाडीवर हात बसविला त्यांच्या ठायी रस्त्याकडे दूरवर पाहण्याची जी सवय निर्माण झाली, ती नंतरच्या समर्थ गाड्यांनी कोणास शिकविली नाही.

बोरघाट ही तर या विद्येची अंतिम परीक्षा. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतच्या चढावर यंत्राचे पाणी उकळू नये म्हणून कोणत्या वळणापूर्वी दुसरा गिअर टाकावा, कोठे थांबून बॉनेट उघडावे, रेडिएटरचे झाकण किती वेळाने हाताळावे, हे ज्ञान कारखान्याच्या पुस्तिकेपेक्षा मिस्त्रीच्या मुखातूनच अधिक मिळे. कार्बोरेटरची जेट साफ करणे, टॅपेट बसविणे, टायमिंग कानाने जुळविणे ही कामे घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतच्या लहानलहान गॅरेजांत होत असत, आणि गाडी आपल्या कमाल वेगाशी पोहोचते की दहा-पंधरा किलोमीटर अलीकडेच दमते, हे बव्हंशी त्या हातांवर अवलंबून असे.

सरकारी धोरणाने या गाडीला एकीकडे अभय दिले आणि दुसरीकडे जखडून ठेवले. परकीय गाड्यांची आयात रोखल्यामुळे कुर्ल्याच्या मालाला ग्राहकांची वाण नव्हती. अर्ज करून, अनामत भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे होती. परंतु उत्पादनाला परवाना आणि किमतीवर नियंत्रण असल्यामुळे नव्या यंत्रासाठी भांडवल घालण्याची प्रेरणा क्षीण झाली. मोटारींच्या रास्त किमतीचा वाद सत्तरीच्या दशकाच्या आरंभी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जगातील मोटारींचे वेग वाढत असता आपल्या गाडीचा वेग १९५४ च्या ठिकाणीच थबकला, याचे कारण कुर्ल्याच्या कामगाराच्या कौशल्यात नव्हे, तर या व्यवस्थेत शोधले पाहिजे.

टॅक्सीच्या धंद्यात मात्र याच अपरिवर्तनीयतेचे गुणात रूपांतर झाले. कलकत्त्याने अँबॅसडर पत्करली, मुंबईने फियाट. रिक्षाला वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस मज्जाव असल्यामुळे मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या माणसास रात्री-अपरात्री मोटारीने थेट फोर्टात नेण्याचे काम काळ्या-पिवळ्या फियाटकडेच राहिले. सुटे भाग सर्वत्र मिळत, दुरुस्ती सर्वांना येई. उदारीकरणानंतर हलक्या आणि चपळ गाड्या आल्या, शतकाच्या अखेरीस पद्मिनीचे उत्पादन आटोपले, कुर्ल्याच्या जमिनीवर कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून रीतसर निवृत्त झाली.

वेगाचे मोल केवळ आकड्यावरून ठरवू नये, यंत्राच्या एकूण सामर्थ्याचा किती अंश माणसाने जाणतेपणाने उपयोगात आणला त्यावरून ठरवावे, असे या हकिकतीचे सार मला वाटते. त्या मापाने पाहता ताशी शंभरावर थरथरत जाणारी फियाट ही हवेवर, चढावर आणि टंचाईवर मिळविलेला सामुदायिक विजय होती. गाड्या जतन करणारे संग्राहक आपल्याकडे आहेत. पण ओतशाळेत ठोकळे ओतणारे कामगार, कानाने टायमिंग जुळविणारे मिस्त्री आणि वेग साठवून वापरणारे टॅक्सीचालक यांचे ज्ञान कोणत्याही दप्तरात नाही. ही माणसे अजून कुर्ल्यात, भांडुपात, दहिसरात राहतात. त्यांच्या तोंडून ते ज्ञान लिहून घेण्याचे काम उपनगरांतील ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी आताच अंगावर घेतले पाहिजे, कारण ठेवणीतली गाडी उद्याही पाहावयास मिळेल, पण ती पूर्ण वेगाने कशी चालवावी हे सांगणारा माणूस तेव्हा मिळेलच असे नाही.