रडार डिटेक्टर घ्यायचा विचार करताय? पैसे टाकण्याआधी हे समजून घ्या

सध्या मोबाईलवर एक जाहिरात फिरते आहे. गाडीच्या काचेला किंवा मोटारसायकलच्या हँडलला छोटी डबी लावा, पुढे पोलिसांची स्पीड गन असेल तर आधीच बीप वाजेल आणि चलान वाचेल, असा दावा त्यात असतो. दोन-तीन हजारांपासून ही डबी मिळते. परदेशात ज्याला चांगला डिटेक्टर म्हणतात त्याची किंमत मात्र अमेरिकेतच 300 ते 700 डॉलर आहे. गावाकडची पोरं विचारतात, घ्यावी का? त्यासाठी आधी ही डबी काय करते आणि आपल्या रस्त्यावर वेग कसा मोजला जातो, ते पाहू.

वेग मोजायच्या तीन पद्धती

1) रडार गन : यातून रेडिओ लहरी सुटतात. त्या गाडीवर आपटून परत येतात तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते. त्या फरकावरून वेग काढतात. या लहरी पसरत जातात, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर डिटेक्टरला त्या लांबूनच सापडतात. डिटेक्टरचा शोध लागला तो याच गनसाठी.

2) लेझर गन : इंटरसेप्टर गाडीत किंवा तिपाईवर कॅमेऱ्यासारखं जे यंत्र दिसतं, ते बहुतेक वेळा हेच असतं. यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सुटतो. 300 मीटरवर त्याचा झोत जेमतेम एक मीटर रुंद असतो. पोलीस नेम धरतात तो एकाच गाडीवर, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग व फोटो दोन्ही मिळतात. तुमच्या डिटेक्टरवर हा प्रकाश पडला म्हणजे तुमचाच वेग मोजला जातोय. बीप वाजेपर्यंत काम झालेलं असतं.

3) सरासरी वेग : मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर जुलै 2024 पासून ही यंत्रणा सुरू आहे. दोन कमानींवरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात आणि मधलं अंतर किती वेळात कापलं ते पाहतात. मर्यादा 100 ची असेल तर 20 किलोमीटरला 12 मिनिटं लागायला हवीत. तुम्ही 10 मिनिटांत पोचलात तर सरासरी 120 निघाली. कॅमेऱ्याजवळ ब्रेक मारून उपयोग नाही, आणि फक्त नंबर प्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यातून डिटेक्टरला पकडता येईल अशी लहरच निघत नाही.

म्हणजे तीनपैकी एकाच पद्धतीत डबी वेळेवर जागी होते. महामार्गावर इंटरसेप्टरची लेझर आणि कमानीवरचे कॅमेरे वाढत चाललेत, तसा तिचा उपयोग कमी होत चाललाय.

तरीही बघायचाच असेल तर काय तपासाल?

बँड : रडार गन ठरावीक पट्ट्यांत चालतात. के बँड म्हणजे 24 गिगाहर्ट्झच्या आसपास, केए बँड 33.4 ते 36, आणि जुना एक्स बँड 10.5 च्या आसपास. खोक्यावर नुसतं '16 बँड' किंवा '360 डिग्री' लिहिलेलं असेल तर भुलू नका. कोणता बँड, किती अंतरावरून, हे विचारा.

खोटे इशारे : दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि काही नव्या गाड्यांचे बाजूची गाडी ओळखणारे सेन्सरही के बँडमध्येच चालतात. स्वस्त डबी या सगळ्यांवर बोंबलते. चार दिवसांत माणूस तिच्याकडे लक्ष देणं सोडतो. महागड्या डिटेक्टरमध्ये जीपीएस असतं, ते अशा कायमच्या जागा लक्षात ठेवून गप्प बसतं.

कॅमेऱ्यांची यादी : 'कॅमेरा अलर्ट' म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा जीपीएस आणि आधी भरलेली यादी असते. ती यादी आपल्या राज्याची आहे का, आणि नवीन कॅमेरे त्यात कोण भरतं, हे विचारा. परदेशातली यादी आपल्या तालुक्यात काय कामाची?

कारमध्ये : डिटेक्टरला पुढचा रस्ता दिसला पाहिजे. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर लहरी अडतात. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. एअरबॅग उघडली तर ती डबी थेट तोंडावर येते.

मोटारसायकलवर : इथे अडचणी जास्त. हेल्मेट घातलं की 60 च्या वेगाला बीप ऐकू येत नाही, त्यामुळे उन्हातही दिसेल असा दिवा लागतो. कानात हेडफोन घालून ऐकणं हा उपाय नाही, मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही. कारची डबी पाऊस, धूळ आणि हादरे सोसत नाही. वायरिंग करायचं तर बॅटरीपासून फ्यूज टाकूनच करा.

कायद्याचं काय?

जॅमर नावाची वेगळी वस्तू असते. डिटेक्टर फक्त ऐकतो, जॅमर समोरच्या यंत्राचा सिग्नल बिघडवतो. सरकारी परवानगीशिवाय सिग्नल जॅमर विकणं, घेणं, वापरणं आपल्या देशात बेकायदा आहे. काही विक्रेते दोन्ही एकाच नावाने विकतात, सावध राहा. परदेशातही सगळीकडे डिटेक्टर चालत नाही. जर्मनी आणि फ्रान्समध्ये वापरावर बंदी आहे. अमेरिकेत खासगी कारला बहुतेक राज्यांत चालतो, पण व्हर्जिनियात नाही. आपल्याकडे विक्रेता 'फुल लीगल आहे' म्हणाला तर तसं पक्क्या बिलावर लिहून मागा. बरेच जण तिथेच विषय बदलतात.

डबीशिवाय चलान कसं टाळायचं?

कमाल मर्यादा माहीत करून घ्या. केंद्राने 2018 मध्ये ठरवलेल्या अशा आहेत :

– कार : द्रुतगती मार्ग 120, दुभाजक असलेला चौपदरी रस्ता 100, इतर रस्ते 70
– मोटारसायकल : दुभाजक असलेला चौपदरी 80, इतर रस्ते 60
– मालवाहू गाड्या : दुभाजक असलेला चौपदरी 80, इतर रस्ते 60

घाट, गाव, शाळा, वळण अशा ठिकाणी याहून कमी मर्यादेचा बोर्ड असेल तर बोर्डावरचा आकडाच खरा धरा.

मोबाईलवर गुगल मॅप्स आणि आपल्या देशातलं मॅपल्स ही दोन्ही ॲप फुकट आहेत. बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा आणि कॅमेऱ्याची सूचना ती बोलून देतात. मॅपल्स गतिरोधक आणि अपघाती वळणंही सांगतं. निघण्याआधी लावा, चालवताना मोबाईलला हात लावू नका. जुलै 2019 नंतरच्या कारमध्ये कंपनीचाच इशारा असतो. 80 च्या वर मधूनमधून वाजतो, 120 च्या वर सतत. तो आवाज बंद करून घेणारे लोक डिटेक्टरवर पैसे घालवतात, हे नवल आहे.

चलान आलंच तर

मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार अतिवेगाला हलक्या वाहनांना 1000 ते 2000 रुपये आणि मध्यम व जड वाहनांना 2000 ते 4000 रुपये दंड आहे. चलान महाट्रॅफिक ॲपवर किंवा सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा. फोटोत गाडी तुमचीच आहे का, ठिकाण आणि वेळ जुळते का, ते तपासा. चूक असेल तर तिथेच तक्रार करता येते.

व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका. ती चोरांची असते आणि बँक खातं रिकामं करते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन' ने संपतो. गाडी विकली असेल तर आरसी घेणाऱ्याच्या नावावर झाली का ते पाहा, नाहीतर त्याच्या वेगाचं चलान तुमच्या घरी येईल. आरसीला स्वतःचा चालू मोबाईल नंबर जोडून घ्या.

हिशोब फक्त दंडाचा नाही

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यातले सुमारे 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले, आणि दर शंभरात 44 जण दुचाकीवरचे होते. 60 च्या वेगाला ब्रेककडे पाय जाईपर्यंत एका सेकंदात गाडी 17 मीटर जाते, 80 ला 22 मीटर. ब्रेक दाबल्यावर थांबायचं अंतर तर 60 पेक्षा 80 ला पावणेदोन पट लागतं. कारखाने सुरू झाले की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टरही नसतो. पुढे उभी असलेली ट्रॉली बघून कुठलाही डिटेक्टर वाजत नाही.

तेव्हा दोन-तीन हजारांची डबी घेऊ नका. ते पैसे असतील तर आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट घ्या, मागच्या टायरची नक्षी गेली असेल तर टायर बदला, हेडलाईट सरळ करून घ्या. आणि घरात ट्रॉली असेल तर पहिला रिफ्लेक्टर तिला लावा.