रंगाऱ्यांच्या हातची मुलगी

विठ्ठलवाडीहून मुंबईच्या गाडीत खिडकीपाशी बसले की रुळांकडेचे जाहिरातफलक आपसूक वाचले जातात. त्यांतील बहुतेक विसरायला कल्याणसुद्धा यावे लागत नाही. एक मुलगी मात्र ध्यानात राहते. ठिपक्यांचा झगा, निळे केस, गोबरे गाल. नाक जवळजवळ नाहीच. अमूलच्या या मुलीची जन्मकथा वाचकांपुढे ठेवावी, असे आमच्या मनात होते.

खेडा जिल्ह्यातील दूध पूर्वी पोल्सन कंपनीमार्फत मुंबईला येई आणि शेतकऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नसे. १९४६ साली शेतकऱ्यांनी दूध घालणेच बंद केले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. पुढे संघाचे बटर बाजारात आले खरे, पण मुंबईत मस्का म्हणजे पोल्सन. खुशामतीलाही मुंबईकर ‘पोल्सन लावणे’ म्हणत! पोल्सनच्या जाहिरातीतही एक मुलगी होती. तिच्याशी सामना करण्याचे काम १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या जाहिरातसंस्थेकडे आले. चित्र काढले कलादिग्दर्शक युस्टेस फर्नांडिस यांनी. (आडनावे वाचून आमच्या वाचकांची मान किंचित ताठ होईल. होऊ द्यावी.)

अमूलचे व्यवस्थापक वर्गीस कुरियन यांच्या अटी दोन होत्या: मुलगी लक्षात राहावी आणि काढायला सोपी असावी. दुसरी अट आम्हांस अधिक मोलाची वाटते. त्या काळी फलक हाताने रंगवले जात आणि हे फलक तर वारंवार बदलायचे होते. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी फलकावर आखायच्या आणि परातीवर चढून एकेक चौकट भरायची, ही रंगाऱ्यांची रीत. छायाप्रकाशाचे बारकावे तेथे टिकत नाहीत. मोजक्या रेषा व सपाट रंग टिकतात. कोणत्याही रंगाऱ्याच्या हातून ती तीच उतरावी, अशा बेताने ती घडली.

तिच्या अगदी आरंभीच्या फलकांपैकी एकावर ती गुडघे टेकून प्रार्थना करीत आहे आणि तिचा एक डोळा बटरवर आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीच्या मागणीला तेथे अमूल बटरची जोड दिली होती. कोणास यात पावित्र्यभंग वाटेल. आम्हांस वाटत नाही. मिस्साच्या वेळी पुढच्या बाकावरची मुले आम्ही रोज पाहतो.

पुढे ती चालू घडामोडींवर बोलू लागली. १९६९ साली हरे कृष्ण चळवळीवर तिने केलेली कोटी विशेष गाजली. फर्नांडिस २०१० मध्ये आणि डाकुन्हा २०२३ मध्ये निवर्तले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांचे स्मरण केले. परातीवर चढणाऱ्यांची नावे मात्र कोठेच आली नाहीत. फ्लेक्स आला आणि त्यांचे कामही गेले.

आमच्या धर्मग्रामाच्या सणाचा फलकही पूर्वी एक पेंटर कापडावर रंगवून देत. आता तो फ्लेक्सवर छापून येतो. त्यावर आश्रयदाते संत एका कोपऱ्यात असतात आणि देणगीदारांचे चेहरे त्यांच्याहून मोठे. जुना कापडी फलक मिस्सावस्त्रांच्या कपाटावर गुंडाळलेला सापडला. निळा रंग अजून शाबूत आहे. यंदा तोच लावावा, असे आम्ही परिषदेला सुचवले आहे. देणगीदारांचा होकार अद्याप यायचा आहे.