मोबाईल मनोरा आणि स्थानिक संस्थांचा अधिकार : जळकोटच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

लातूर जिल्ह्यातील जळकोट हे बालाघाटाच्या डोंगरभागातील गाव 1999 मध्ये तालुक्याचे ठिकाण झाले. पुढे तेथे ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली आणि 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाऐवजी 1965 चा नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम लागू झाला. इमारती व जमिनी यांवर कर बसविण्याचा अधिकार दोन्ही अधिनियमांत आहे. गावात उभ्या राहणाऱ्या मोबाईल मनोऱ्यापर्यंत हा अधिकार पोहोचतो काय, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत निबंधात पाहावयाचा आहे.

केंद्र आणि स्थानिक संस्था यांच्यातील हा वाद मोबाईलपेक्षा बराच जुना आहे. 1885 च्या भारतीय तार अधिनियमाने तारायंत्राचे खांब परक्या मालमत्तेत उभारण्याची मुभा दिली. मात्र स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेसाठी त्याची परवानगी कलम 10 ने आवश्यक ठेवली. ती देताना खर्च, वेळ व कामाची पद्धत याविषयी वाजवी अटी घालण्याची सोय कलम 12 मध्ये होती. परकीय सत्तेच्या कायद्यात स्थानिक संमतीला मिळालेले हे स्थान, मर्यादित असले तरी, दुर्लक्षिण्याजोगे नाही.

संविधानाने दूरध्वनी व बिनतारी संदेशवहन संघसूचीत (नोंद 31), तर स्थानिक शासन आणि जमिनी व इमारतींवरील कर राज्यसूचीत (नोंदी 5 व 49) ठेवले. 73 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत रस्ते, पूल आणि दळणवळणाची अन्य साधने आहेत; दूरसंचार नाही. त्यामुळे मनोऱ्यातून जाणाऱ्या लहरी केंद्राच्या आणि मनोऱ्याखालची जमीन गावाची, अशी विभागणी झाली. खुद्द मनोरा कोणाच्या कक्षेत, हे मात्र अनिर्णित राहिले.

गुजरात उच्च न्यायालयाने मनोऱ्यांवरील मालमत्ता कर अवैध ठरविला होता. 16 डिसेंबर 2016 रोजी अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि मनोरा 49 व्या नोंदीतील ‘इमारत’ या संज्ञेत येतो असे मानले. उत्पन्नाची साधने मोजकी असलेल्या लहान संस्थांच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा होता. परंतु त्याच्या एकच महिना आधी केंद्राने मार्गाधिकार नियम जारी केले होते. त्यांनुसार अर्जावर 60 दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाल्याचे गृहीत धरले जाऊ लागले. मनुष्यबळ अपुरे असलेल्या कार्यालयात मौन म्हणजे संमती ठरविणे, याला विकेंद्रीकरण म्हणणे कठीण आहे.

5जी सेवेसाठी दिव्याच्या खांबांवर बसणारे छोटे ‘स्मॉल सेल’ आले, तेव्हा ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीने त्यांचे वार्षिक शुल्क शहरी भागात प्रतिखांब 300 रुपये आणि ग्रामीण भागात 150 रुपये ठरविले. खाजगी जागेवरील उभारणीस परवानगीऐवजी केवळ पूर्वसूचना पुरेशी झाली. येथे कंपन्यांची बाजूही विचारात घेतली पाहिजे : गावागणिक वेगळे शुल्क आणि वेगळी अट असेल, तर तांड्यावाड्यांपर्यंत जाळे पोहोचण्यास विलंब होतो. तथापि, दर ठरविताना खांबाच्या मालक संस्थेला निर्णायक स्थान राहिले नाही.

दूरसंचार अधिनियम 2023 च्या कलम 14 ने दूरसंचार जाळे हे ज्या मालमत्तेवर उभे आहे तिच्यापासून वेगळे मानले, तेही मालमत्ता करासह. हे कलम 26 जून 2024 पासून अमलात आले. नवे मार्गाधिकार नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. दरम्यान, 20 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेनव्हॅट सवलतीच्या प्रकरणात मनोरा ही जंगम वस्तू असल्याचे ठरविले. 2016 मध्ये करासाठी ‘इमारत’ ठरलेला मनोरा आता नगरपंचायतीच्या कर आकारणीतून वगळला जाण्याच्या स्थितीत आहे. ज्या घराच्या गच्चीवर तो उभा आहे, त्या घराची घरपट्टी मात्र पूर्ववत आकारली जाते.