वजनांची तीन कुळे

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीत प्रत्येक कुटुंबापुढे एक संख्या असते. अभ्यासक तिला 'मल्टिप्लायर' म्हणतात. समजा, डोंबिवलीतल्या एका कुटुंबापुढे २,००० आणि मुरबाडमधल्या एका कुटुंबापुढे ३०० आहे. म्हणजे पहिले दोन हजार घरांच्या वतीने बोलते, दुसरे तीनशे. उत्पन्न आणि प्रवासखर्चाचे रेषीय मॉडेल बसवताना ही संख्या सॉफ्टवेअरच्या 'वेट्स' या जागी भरतात. त्या जागेवर तीन कुळांचा हक्क आहे.

थोरले कूळ खगोलशास्त्रातले. १८०९ मध्ये गाऊसने ग्रहांच्या कक्षा काढताना अचूक निरीक्षणाला जास्त वजन दिले. १९३५ मध्ये एटकेनने त्या विचाराला मॅट्रिक्सचे रूप दिले. 'आर' या सॉफ्टवेअरमधली 'एलएम' ही आज्ञा आजही वजन मोठे म्हणजे त्या नोंदीतली चूक लहान, असेच धरते.

दुसरे मोजणीचे: एकसारख्या नोंदी एकदाच लिहायच्या आणि त्या किती, ते पुढे मांडायचे.

तिसरे पाहणीचे. निवडीची शक्यता दोन हजारांत एक, तर वजन दोन हजार. हॅन्सन-हुरविट्झ (१९४३) आणि हॉरविट्झ-थॉम्पसन (१९५२) यांनी याचे गणित पक्के केले. त्याच काळात, १९५० मध्ये, महालनोबिस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकांच्या पाहण्यांचा अनुभव घेऊन १९५४ मध्ये नमुना पाहणीच्या सिद्धांतावर ग्रंथ लिहिला.

कूळ कोणतेही धरा, उत्पन्नाचा सहगुणक तोच येतो. फरक पडतो प्रमाण त्रुटीत. 'स्टाटा' या सॉफ्टवेअरमध्ये हीच वजने 'एफवेट', म्हणजे मोजणीची वजने, म्हणून दिली, की ते दोन हजार घरे खरोखरच भेटली असे समजते आणि त्रुटी कित्येक पटींनी आक्रसते. 'एलएम'मध्ये सगळी वजने दुप्पट केली तरी त्रुटी हलत नाही, पण डोंबिवलीकरांचे उत्तर अधिक अचूक, असे विनाकारण मानले जाते. 'स्टाटा'तले 'पीवेट' किंवा 'आर'साठीचे थॉमस लमली यांचे 'सर्व्हे' पॅकेज मात्र निवडीची वजने निवडीचीच मानते. स्तर आणि गट सांगितले, तर त्यांचाही हिशेब धरते.

महालनोबिस एकाच पाहणीचे दोन स्वतंत्र उपनमुने घेत, कारण दोन्ही उत्तरांतल्या तफावतीवरून त्रुटी किती, याचा अंदाज येतो. चुकीच्या कुळात घातलेले वजन नेमका हाच अंदाज बिघडवते आणि मूठभर घरांवरचा निष्कर्ष साऱ्या ठाणे जिल्ह्याचा म्हणून ठामपणे मांडला जातो. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. वजनाचे मात्र मॉडेल बसवण्याआधी विचारलेच पाहिजे.