नॅशव्हिल नगरी आणि तिचें नावडतें गाणें

टेनेसी हें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील एक संस्थान. कंबरलंड नदीच्या कांठीं वसलेलें नॅशव्हिल ही त्याची राजधानी. या शहराचें नांव घेतांच आज जगांत कोठेंहि ज्याचें स्मरण होतें तें कंट्री संगीत, म्हणजे तिकडील खेडवळ शेतकऱ्यांचें, मजुरांचें आणि डोंगरांतील वस्त्यांचें गाणें. फिडल, बँजो व गिटार हीं त्याचीं वाद्यें. घर सोडून गेलेला मुलगा, रात्रीं धांवणारी आगगाडी, दारूपायीं मोडलेला संसार, असे त्याचे विषय. परंतु ज्या गाण्यानें नॅशव्हिलला नांव आणि द्रव्य दोन्ही मिळवून दिलीं, त्या गाण्याची तेथील प्रतिष्ठित मंडळींना एक पिढीभर लाज वाटत होती. ती लाज कशी गेली, आणि जातांना कोणाकोणाला मागें टाकून गेली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या मंडळींचा अभिमान निराळ्याच गोष्टींवर पोसलेला होता. 1779 च्या सुमारास वसलेलें हें ठाणें 1843 त कायमची राजधानी झालें. 1873 सालीं तेथें व्हँडरबिल्ट विद्यापीठ निघालें. विद्यालयें इतकीं वाढलीं कीं शहर स्वतःस ‘दक्षिणेचें अथेन्स’ म्हणवून घेऊं लागलें, आणि 1897 च्या शतसांवत्सरिक प्रदर्शनांत ग्रीसमधील पार्थेनॉन मंदिराची हुबेहूब, पूर्ण आकाराची प्रतिकृति उभारण्यांत आली. प्रदर्शन संपल्यावर ती पाडावयाची होती. पण नागरिकांना ती इतकी आवडली कीं पुढें कच्च्या बांधणीच्या जागीं पक्की काँक्रीटची इमारत उठली आणि 1931 त ती पुरी झाली. ग्रीक देवतेचें देऊळ टेनेसींत उभें करून आपण सुसंस्कृत आहों असें सिद्ध होतें, ही समजूत थोडी बालिश खरी. परंतु पुढील कलहाचें मूळ तिच्यांतच आहे.

वास्तविक या शहराला गाण्यानें पहिली कीर्ति दिली ती ना ग्रीक विद्येनें ना गोऱ्या शेतकऱ्यांनीं. गुलामगिरींतून नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांसाठीं 1866 सालीं तेथें फिस्क विद्यालय निघालें होतें. तें कर्जांत बुडूं लागलें तेव्हां 1871 त तेथील विद्यार्थ्यांचें एक गायकमंडळ आपल्या वाडवडिलांचीं भजनें गात फिरतीवर निघालें. 1873 त इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीनें त्यांचें गाणें ऐकिलें. मिळालेल्या पैशांतून विद्यालय वांचलें आणि त्याची भव्य इमारत उभी राहिली. राणीनेंच नॅशव्हिलला ‘संगीतनगरी’ म्हटलें अशी कथा तेथें सांगतात, पण तिला आधार नाहीं.

पुढचा प्रसंग नभोवाणीचा. नॅशनल लाइफ नांवाच्या एका विमा कंपनीनें 5 ऑक्टोबर 1925 रोजीं शहरांत डब्ल्यू. एस. एम. हें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केलें. ‘आम्ही लक्षावधींचें रक्षण करतों’ या अर्थाच्या तिच्या इंग्रजी बोधवाक्याचीं हीं आद्याक्षरें. कंपनीचे मालक घरंदाज होते, परंतु तिचे विमे हप्त्याहप्त्यानें पैसे भरणाऱ्या गरीब माणसांत खपत. जॉर्ज हे नांवाच्या अनुभवी निवेदकास तेथें आणण्यांत आलें, आणि 28 नोव्हेंबरच्या रात्रीं त्यानें सत्त्याहत्तर वर्षांच्या जिमी थॉम्पसन या फिडलवाल्यास ध्वनिक्षेपकापुढें बसविलें. म्हातारा तासभर वाजवीत राहिला. तारांचा व पत्रांचा पाऊस पडला, आणि दर शनिवारीं रात्रीं असा कार्यक्रम ठरून गेला. विम्याच्या गुमास्त्यांना यापेक्षां सोयीचें काय असणार? दार ठोठावून आपण त्या शनिवारच्या गाण्याचे लोक आहों एवढें सांगितलें कीं माजघरापर्यंत प्रवेश मिळे.

कार्यक्रमाचें नांव पडलें तें 1927 च्या डिसेंबरांत, आणि तेंहि थट्टेनें. न्यूयॉर्कहून येणारा अभिजात संगीताचा कार्यक्रम संपतांच स्थानिक कार्यक्रम लागे. त्या दिवशीं हे यानें सांगितलें कीं इतका वेळ श्रोत्यांनीं ‘ग्रँड ऑपेरा’ ऐकिला, आतां ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐकावा. ऑपेरा या शब्दाचा हा गांवढळ उच्चार कायमचा चिकटला. या विनोदाच्या आधीं ज्या वादकाचें वादन झालें त्याचें नांव डीफोर्ड बेली. 1899 चा जन्म, लहानपणीं पक्षाघाताच्या तापानें खुरटलेलें शरीर, वर्ण काळा. आणि माउथ ऑर्गनवर धांवत्या आगगाडीचा आवाज असा कीं ऐकणारास रूळ दिसावे! ऑप्रीच्या पहिल्या काळांतील अत्यंत लोकप्रिय कलावंतांत त्याची गणना होई. फिरतीवर मात्र गोऱ्या सोबत्यांना जेथें जेवण व निजावयास खोली मिळे तेथें त्याला दार बंद असे. 1941 त त्याला काढून टाकण्यांत आलें. तो आळशी आहे, नव्या चाली शिकत नाहीं, असें कारण हे यानें पुढें छापून प्रसिद्ध केलें. परंतु त्याच वर्षीं स्वामित्वधनाच्या भांडणामुळें अनेक जुन्या चाली ध्वनिक्षेपित करण्यास बंदी झाली होती, आणि बेलीच्या गाजलेल्या चाली तींत सांपडल्या होत्या. ज्या चालींवर पंधरा वर्षें कंपनीनें विमे विकले त्या बंद होतांच माणूस आळशी ठरला. पुढें बूटपॉलिशच्या दुकानावर त्यानें आपला संसार चालविला.

इकडे शहरांतील वरच्या वर्गाला हा शनिवारचा गोंधळ मुळींच रुचत नव्हता. गर्दी वाढे तसा ऑप्री एका सभागृहांतून दुसऱ्यांत हलत गेला. एका ठिकाणीं गर्दी आटोक्यांत यावी म्हणून पंचवीस सेंट प्रवेशमूल्य ठेविलें. तरी ती कमी झाली नाहीं. 1943 त तो रायमन सभागृहांत आला. हें सभागृह 1892 सालीं उघडलेलें एक प्रार्थनामंदिर. एका धर्मोपदेशकाच्या प्रवचनानें पालटलेल्या टॉम रायमन या आगबोटवाल्यानें तें उभारलें होतें. त्याच 1943 सालीं ऑप्रीचें ध्वनिक्षेपण देशभर पसरल्याच्या समारंभास गव्हर्नर प्रेंटिस कूपर यांस बोलाविण्यांत आलें. त्यांनीं येण्याचें नाकारिलें. रॉय एकफ या गायकानें नॅशव्हिलला ‘हिलबिली’ लोकांची, म्हणजे डोंगरांतील अडाण्यांची राजधानी करून संस्थानाची अप्रतिष्ठा केली, असा त्यांचा अभिप्राय वृत्तपत्रांत आला. नावडतीचें मीठ अळणी, तशांतलाच हा प्रकार. पांच वर्षांनीं, 1948 त, एकफ स्वतः गव्हर्नरपदासाठीं रिपब्लिकन पक्षातर्फें उभा राहिला. सभांना लोटलेली माणसें गाणें ऐकून घरीं गेलीं, आणि मतें प्रतिपक्षास मिळालीं.

लोकमत पालटलें तें मुख्यतः पैशानें. एकफ आणि फ्रेड रोझ यांनीं 1942 सालीं गीतप्रकाशनाची पेढी काढली होती. पुढें ओवेन ब्रॅडलीनें सोळाव्या रस्त्यावरील एका घराला लागून अर्धगोल पत्र्याच्या लष्करी छपरांत ध्वनिमुद्रण सुरू केलें. 1957 त आर. सी. ए. कंपनीनें जवळच आपलें ध्वनिमुद्रणगृह बांधिलें. आणि पाहतां पाहतां राहत्या घरांची ती आळी प्रकाशकांच्या व मुद्रणगृहांच्या पाट्यांनीं भरून गेली. चेट ॲटकिन्ससारख्यांनीं फिडल बाजूला ठेवून व्हायोलिनचे ताफे आणि मागें गाणाऱ्यांचे मंजुळ आवाज घातले. गाणें शहरी दिवाणखान्यांत बसण्याजोगें झालें. कित्येक जुन्या रसिकांच्या मतें तेथेंच त्याचा कस उतरला, आणि हें मत अगदींच टाकाऊ नाहीं. 1958 त व्यावसायिकांचा संघ निघाला, 1961 पासून कीर्तिमंदिरांत नांवें कोरलीं जाऊं लागलीं. व्यापारी मंडळींना लाज वाटेनाशी झाली.

याच शहराची दुसरी बाजू जेफर्सन रस्त्यावर होती. तेथें कृष्णवर्णीयांचे क्लब रात्रभर गाजत. जिमी हेंड्रिक्स नांवाचा पुढें जगप्रसिद्ध झालेला गिटारवादक उमेदवारीच्या काळांत तेथेंच वाजवीत असे. 1960 च्या फेब्रुवारींत या वस्तीजवळच्या महाविद्यालयांतील मुलें शहरांतील उपाहारगृहांत, जेथें त्यांना जेवण नाकारिलें जाई, शांतपणें जाऊन बसूं लागलीं. त्यांना सत्याग्रहाचें शिक्षण देणारे जेम्स लॉसन हे 1953 पासून 1956 पर्यंत आपल्या नागपुरांत हिस्लॉप कॉलेजांत होते आणि गांधीजींचा मार्ग त्यांनीं तेथें अभ्यासिला होता. नागपुराहून निघालेला हा धागा नॅशव्हिलच्या चर्चच्या तळघरांतील वर्गांपर्यंत पोंचला, हें मराठी श्रोत्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. व्हँडरबिल्ट विद्यापीठानें लॉसन यांना काढून टाकिलें. ‘दक्षिणेच्या अथेन्सा’ची ती परीक्षाच होती. 19 एप्रिल रोजीं मुलांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला. हजारों लोक मोर्चानें निघाले, आणि डायान नॅश या विद्यार्थिनीच्या रोखठोक प्रश्नावर महापौर बेन वेस्ट यांना भेदभाव अन्याय्य असल्याचें कबूल करावें लागलें. 10 मे रोजीं सहा दुकानांनीं आपलीं जेवणाचीं टेबलें सर्वांस खुलीं केलीं. असें असूनहि त्याच दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय महामार्ग नेमका जेफर्सन रस्त्यावरून नेण्यांत आला. रहिवासी न्यायालयांत गेले, पण हरले. घरें, दुकानें व क्लब पडले. एक सबंध संगीतपेठ नाहींशी झाली, आणि तिच्यासाठीं गव्हर्नरांपासून व्यापाऱ्यांपर्यंत कोणी हळहळल्याचें दिसत नाहीं.

ऑप्री 1974 च्या मार्चमध्यें शहराबाहेरच्या नव्या नाट्यगृहांत गेला. जुन्या रंगमंचाच्या लांकडाचा एक वर्तुळाकार तुकडा नव्या मंचावर बसविण्यांत आला. रायमन सभागृह पाडून त्याच्या विटांचें एक लहान प्रार्थनागृह बांधावें असा मालकांचा बेत होता. त्यावर इतकी ओरड झाली कीं तो सोडून द्यावा लागला. तीस वर्षांपूर्वीं ज्या गर्दीचें नांव नको होतें तिच्या बसण्याच्या बांकांसाठीं आतां शहर भांडूं लागलें. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट ऑल्टमन यांचा ‘नॅशव्हिल’ हा चित्रपट निघाला. त्यांत गायकांचा स्वार्थ व राजकारण यांवर बोचरी टीका होती, आणि गाणीं बहुतेक नटांनींच रचिलीं होतीं. टीकाकारांनीं तो डोक्यावर घेतला. परंतु नॅशव्हिलच्या संगीतकारांना तो झोंबला. आपली थट्टा एक वेळ सहन होईल, पण आपला धंदा इतका सोपा समजावा हें त्यांना खपलें नाहीं.

म्हणूनच 10 ऑक्टोबर 2012 रोजीं ए. बी. सी. वाहिनीवर त्याच नांवाची दूरचित्रवाणीची नाट्यमाला सुरू झाली तेव्हां शहर सावध होतें. लेखिका कॅली खौरी या ऑस्कर पारितोषिक मिळविलेल्या, शिवाय तरुणपणीं याच शहरांत राहिलेल्या. संगीताची धुरा आरंभीं त्यांचे पति टी बोन बर्नेट यांच्याकडे. मागचा धडा घेऊन त्यांनीं गाणीं शहरांतल्याच गीतकारांकडून घेतलीं आणि चित्रीकरणहि तेथेंच केलें. कॉनी ब्रिटन हिनें साकारलेली नायिका रेना ही श्रीमंत घराण्यांतील मुलगी; कंट्री गायिका झाल्यामुळें बापाशीं वितुष्ट आलेली. म्हणजे 1943 चेंच भांडण एका घरांत आणून बसविलें होतें! स्थानिक प्रेक्षक प्रत्येक भागांत चुका काढीत: हा रस्ता तेथें निघत नाहीं, गीतकार असे बोलत नाहींत. परंतु चुका काढण्यासाठीं तरी ते दर आठवड्यास पाहत, आणि नटांनीं स्वतः गाऊन ऑप्रीच्या मंचावर पाऊल ठेविल्यावर राग पुष्कळ निवळला.

वाद राहिला तो पैशाचा. 2014 त तिसऱ्या वर्षाच्या चित्रीकरणाआधीं निर्मात्यांनीं दुसऱ्या संस्थानांत जाण्याची भाषा केली, आणि संस्थान, शहर व पर्यटनसंस्था यांनीं मिळून मोठें अनुदान देऊं केलें. करदात्यांच्या पैशानें कथानक पोसावें काय, असें कांहीं जण विचारीत. प्रवासी येतात तें याच कथानकामुळें, असें उत्तर मिळे. 2016 त ए. बी. सी. नें माला बंद केली, तेव्हां चाहत्यांच्या आग्रहानें ती सी. एम. टी. वाहिनीवर गेली, आणि सहा पर्वें व 124 भाग पुरे करून 26 जुलै 2018 रोजीं संपली.

तिचा परिणाम ब्लूबर्ड कॅफेवर उघड दिसला. 1982 त एमी कर्लंड हिनें एका सामान्य दुकानांच्या रांगेंत उघडलेली ही जागा. खुर्च्या सुमारें नव्वद, आणि गाणें चालू असतां बोलावयाचें नाहीं हा नियम. नाट्यमालेनें तिची हुबेहूब नक्कल उभारली. त्यानंतर खऱ्या दारापुढें इतकी रीघ लागली कीं तेथें नेहमीं येणाऱ्या शहरवासीयांनाच जागा मिळेना. शहराची लोकसंख्या 2010 त सहा लाखांच्या आसपास होती, ती दहा वर्षांत सात लाखांच्या घरांत गेली. भाडीं चढलीं; ज्या आळींत गाणीं निपजलीं तेथील जुन्या इमारती पाडून गाळ्यांचे मजले उठूं लागले. 2014 त आर. सी. ए. चें एक मोठें ध्वनिमुद्रणगृह असेंच पडावयाचें होतें. गायक बेन फोल्ड्स यांनीं जाहीर पत्र लिहून आवाज उठविला, आणि शेवटीं कांहीं सधन नागरिकांनीं तें विकत घेऊन वांचविलें.

डीफोर्ड बेली 1982 सालीं वारला. 2005 त त्याचें नांव कीर्तिमंदिरांत आलें. त्याच्यानंतर ऑप्रीच्या मंचावर 1967 त चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय गायक गाइला, पण सभासद व्हावयास त्याला 1993 साल उजाडलें. 2021 च्या जानेवारींत रायमन सभागृहाच्या समोरच कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचें राष्ट्रीय संग्रहालय उघडलें. दूरचित्रवाणीवरील रेनाचें घर शोधीत आलेल्या प्रवाशांना आतां रस्ता ओलांडला कीं फिस्कच्या गायकांपासूनची सारी कथा पाहावयास मिळते. जेफर्सन रस्त्यावरून महामार्गाची वाहतूक मात्र अजून चालूच आहे.