फॉस्फरस आणि कोळशाची जुनी सोयरीक

मंडळी, आजची गोष्ट लघवीपासून सुरू होते. नाकं मुरडू नका, कारण ती संपते बॅटरीत!

१६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांटला वाटलं, की लघवी पिवळी आहे तर तिच्यात सोनं असणार. त्याने ढीगभर लघवी जमवली, आटवली आणि उरलेला गाळ भट्टीत लालभडक तापवला. सोनं काही निघालं नाही. निघाला एक मेणचट पदार्थ, अंधारात आपोआप उजळणारा. तोच फॉस्फरस.

त्या भट्टीत घडलं काय, तर लघवीतल्या सेंद्रिय भागाचा जळून कोळसा झाला आणि त्या कोळशाने फॉस्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतला. म्हणजे पहिल्या दिवसापासून कार्बन सोबत होताच. आजही कारखान्यात फॉस्फेटचा खडक, वाळू आणि कोक विजेच्या भट्टीत घालूनच फॉस्फरस काढतात.

हा पांढरा फॉस्फरस मात्र महाद्वाड. हवेत पेट घेतो, शिवाय विषारी. एकोणिसाव्या शतकात त्याच्या आगकाड्या निघाल्या आणि त्या बनवणाऱ्या बायकापोरींची जबड्याची हाडं सडू लागली. १८८८ साली लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींनी संप केला, त्यामागे मजुरी आणि दंडांइतकंच हे दुखणंही होतं. चीड येते ती याची, की श्रोटर नावाच्या व्हिएन्नातल्या रसायनशास्त्रज्ञाने १८४०च्या दशकातच निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस तयार करून दाखवला होता. आपल्या काडेपेटीच्या कडेला असतो तोच. पण पांढरा स्वस्त पडत होता ना! ब्रिटनमध्ये त्याच्या काड्यांवर बंदी यायला १९१० उजाडलं. असो.

तिसरा भाऊ काळा. १९१४ साली हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी पांढऱ्या फॉस्फरसवर प्रचंड दाब दिला, दर चौरस सेंटिमीटरला १२,००० किलो, तापमान २०० अंश. त्यांना हवा होता तांबडा, हाती आला काळा. ग्रॅफाइटसारखा थरथरांचा, थोडीफार वीज वाहून नेणारा. पुढे कितीतरी वर्षं त्याचं करायचं काय, हेच कुणाला सुचलं नाही.

इथे बॅटरी येते. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिचा ॲनोड कार्बनचा होता. पुढे ग्रॅफाइट रुळला. पण ग्रॅफाइटमध्ये सहा कार्बन अणूंमागे एकच लिथियम मावतो. फॉस्फरसचा एक अणू तीन लिथियम धरतो. हिशेब मांडला तर ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास आणि फॉस्फरसची २५९६. सातपट!

मग अडलं कुठे? इतके पाहुणे घरात घेतले की घर फुगणारच. फॉस्फरस फुगून तिपटीच्या वर जातो, रिकामा होताना आक्रसतो, आणि थोड्याच फेऱ्यांत त्याचा भुगा होतो. तांबडा तर वीजही नेत नाही.

२००७ साली दक्षिण कोरियाच्या पार्क आणि सोन यांनी साधासा वाटणारा उपाय केला. तांबडा फॉस्फरस कठीण गोळ्यांबरोबर डब्यात घालून तो डबा तासन्‌तास जोरात घुसळायचा. गोळ्या आपटतात तिथे क्षणभर इतका दाब आणि उष्णता निर्माण होते, की काळा फॉस्फरस तयार होतो. ब्रिजमनच्या अवजड यंत्राचं काम एका डब्यात! त्यात कार्बन मिसळला, की तो वीजही नेतो आणि फुगण्याचा ताणही सोसतो. २०१४ साली स्टॅनफर्डच्या यी क्वी यांच्या गटाने काळा फॉस्फरस ग्रॅफाइटबरोबर असाच दळला, तेव्हा दोघांत थेट रासायनिक बंध जुळलेले आढळले. फुगताना-आक्रसताना फॉस्फरस सुटून जात नाही तो या बंधांमुळे. मला विचाराल तर या साऱ्या कहाणीतला सगळ्यात महत्त्वाचा शोध हाच.

तरीही तुमच्या-माझ्या फोनमध्ये अजून ग्रॅफाइटच आहे, फार तर त्यात थोडं सिलिकॉन मिसळलेलं. फॉस्फरसने पोटात घेतलेल्या लिथियमचं लिथियम फॉस्फाइड होतं, आणि त्याला नुसती दमट हवा लागली तरी फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. अशा बॅटऱ्या उद्या कारखान्यात बनू लागल्या, तर त्या जोडणारे हात कुणाचे असतील आणि त्यांची काळजी कोण घेईल, हे मला क्षमतेच्या आकड्यांआधी विचारावंसं वाटतं.